‘ग्रॅटिस’ आणि ग्रॅच्युइटी

इंग्रजीत ‘ग्रॅटिस’ असे एक क्रियाविशेषण आहे. अर्थ – फुकट, विनामूल्य. आम्ही बी.कॉम. झालेले, पनवेलमध्ये कारकुनी करता करता चाळिशी ओलांडली. बिलात रकमेच्या जागी हा शब्द दिसला की शून्य मांडायचे, एवढीच आमची त्याच्याशी ओळख. पुढे शब्दकोश उघडला तेव्हा त्याचे कूळ कळले.

लॅटिन भाषेत ‘ग्रातिया’ म्हणजे कृपा, मर्जी, आभार. त्यावरून ‘ग्रातिइस’ – नुसत्या आभारांच्या बदल्यात. ते आखडून झाले ‘ग्रातिस’ आणि तेच इंग्रजीत आले. म्हणजे ग्रॅटिस मिळालेल्या वस्तूलाही किंमत असतेच. घेणाऱ्याने मान वाकवायची, हीच ती किंमत!

वाचकहो, याच कुळातला एक शब्द कामगारांच्या घरोघरी बोलला जातो – ग्रॅच्युइटी. इंग्रजीत त्याचा ‘बक्षिसी’ असाही अर्थ आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तळोज्याच्या एका कारखान्यातून २२ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. हिशेब मागायला गेले, तर उत्तर मिळाले, “मालकांची मर्जी असेल तर देतील.” बिचारे हात जोडून परत आले.

पण शब्द मर्जीचा असला तरी रक्कम मर्जीची राहिलेली नाही. १९७२ च्या कायद्याने तिला हक्क केले. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सलग पाच वर्षे नोकरी झाली, की दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन. शेवटचे मासिक वेतन २६ ने भागावे, १५ ने गुणावे, मग नोकरीच्या वर्षांनी गुणावे. वेतन २६,००० असेल तर वर्षाचे १५,०००. २२ वर्षांचे ३,३०,००० रुपये. एवढ्या घामाला बक्षिसी म्हणायचे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातही पंधरा दिवसांचे माप कायम आहे. ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला तर एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे.

त्या गृहस्थांनी अर्ज लिहून आणला होता. सुरुवात ‘मेहेरबान साहेब’ आणि शेवट ‘कृपा व्हावी’. लॅटिन ग्रातिया आपल्या मराठी अर्जातही अशी ठाण मांडून बसली आहे! आम्ही दोन्ही शब्द खोडले आणि लिहिले, ‘कायद्यानुसार देय रक्कम अदा करावी.’

बंधुभगिनींनो, नेमणूकपत्र आणि पगारपावत्या जपून ठेवा. मागणी लेखी करा, पोच घ्या. आभार मानावेत, पण देणगीचे. कष्टाच्या पैशाची फक्त पावती द्यावी.