पिवळी पिन

पिवळी पिन चित्राची, पांढरी-तांबडी आवाजाची. एके काळी हे आमच्या बेळगावात शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आला, की टीव्हीमागं हात घालायला तीच पुढं. आता नव्या टीव्हीमागं ती तीन भोकं शोधावी लागतात, पुष्कळदा नसतातच.

आमच्या घरी हा प्रश्न आला तो धाकट्या मावशीच्या लग्नाच्या कॅसेटमुळं. लग्न १९९२ चं, धारवाडात. आईचं माहेर कानडी. त्या कॅसेटमध्ये अज्जी आहे, आणि तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. व्हीसीआर माळ्यावरचा काढला. नवा कुठून आणणार? जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली तो बनवणं थांबवलं, ती शेवटचीच होती.

आमच्या टीव्हीला हिरव्या भोकाभोवती पिवळं कडं आहे. पिन बसली, चित्र आलं, पण काळं-पांढरं. मावशीचा चेहरा पडला. "रंग गेला गं टेपचा!"

रंग टेपवरच होता. पिवळ्या वायरीतून उजेड-अंधार आणि रंग एकत्र येतात. 'कंपोनंट' पद्धतीत मात्र तीन वायरी, आणि त्यातल्या हिरवीत फक्त उजेड-अंधार. टीव्ही कंपोनंटवर होता, म्हणून त्यानं रंग वाचलाच नाही. रिमोटवर 'एव्ही' निवडलं आणि अज्जीच्या इरकलीचा काठ तांबडा झाला.

ज्यांच्या टीव्हीला हे भोकच नाही, त्यांनी एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी नुसती वायर घेऊ नये. पैसे वाया जातात. मधे चित्र बदलून देणारा छोटा डबा लागतो, त्याला वेगळी वीजही लागते. हेडफोनसारखं बारीक भोक असेल, तर वायर त्याच कंपनीची घ्यावी. आतल्या जोडण्या सगळ्यांच्या सारख्या नसतात.

मांडवात अज्जी कुणाला तरी ओरडतेय, "बाळा, बेग बा, अक्षता संपतील!" ते बाळ म्हणजे मी. तिच्या तोंडी मराठी कुठं संपायची आणि कानडी कुठं सुरू व्हायची, हे आम्हा नातवंडांना कधी कळलंच नाही. मावशीनं तेवढा तुकडा चारदा मागं घेतला. शेवटी मीच थांबवलं, जुनी फीत तुटायची भीती.

आता मावशी बारशाची कॅसेट आणणार आहे. तिच्या फितीवर पांढरी बुरशी दिसते म्हणे. ती आधी साफ करून घ्यायची, मगच व्हीसीआरमध्ये घालायची.