गुलमर्गच्या उतारावर

टंगमर्ग सोडलं की गुलमर्गपर्यंत 13 किलोमीटरचा वळणांचा घाट लागतो. वर पोहोचताच समोर हिरवं कुरण पसरतं, आणि त्यामागे अफरवटचं बर्फाळ शिखर. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे आणि आमची चौदा वर्षांची लेक तिथे गेलो होतो. गाडीतून उतरताच घोडेवाल्यांनी घेरलं. लेकीसाठी घोडा ठरवावा असं आमच्या मनात होतं. लहानपणीच्या अपघातानंतर तिचा डावा पाय किंचित आखूड राहिला आहे. तेव्हापासून तिच्यासाठी सपाट वाट शोधण्याची आम्हाला सवयच लागली. शाळेची सहल गडावर जाणार म्हटलं की आम्ही काहीतरी कारण काढून तिला घरी ठेवायचो. घोड्याला मात्र तिने साफ नकार दिला.

गुलमर्गचं गोल्फचं मैदान इंग्रजांच्या काळातलं. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवर, आणि जिथे पाहावं तिथे चढ-उतार. कडेला एक वयस्कर कॅडी नवशिक्यांना चार चेंडू मारायला शिकवत होते. आम्ही सलाम केला. लेकीने लगेच काठी मागितली.

चाचा म्हणाले, "बेटी, जमिनीशी भांडायचं नाही. ती जशी आहे तसे खांदे झुकवायचे."

मग त्यांनी चारही तऱ्हा दाखवल्या. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो, म्हणून काठी थोडी आखडून धरायची आणि नेम उजवीकडे घ्यायचा. चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर गुडघे जास्त वाकवायचे, तो उजवीकडे पळतो. उतारावरून मारलेला चेंडू बुटका जातो आणि लांब घरंगळतो. चढावरून मारलेला उंच उडतो, पण जवळच पडतो, म्हणून एक नंबर लांबची काठी घ्यायची. वर या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे खालच्या मैदानांपेक्षा चेंडू जरा लांबच जातो.

लेक चढाच्या जागी उभी राहिली. डावा पाय वरच्या अंगाला. तिथे आम्हाला डावा गुडघा वाकवावा लागत होता, तिला फारसा वाकवावा लागला नाही. ती सरळ, निवांत उभी होती. चाचांनी तिच्या पायांकडे पाहिलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "इथे सगळेच एक पाय वाकवून खेळतात. तुझं उभं राहणं चांगलं आहे."

पहिले दोन फटके गवतातच गेले. तिसरा चेंडू मात्र उंच उडाला. आमचे दोघांचे फटके सांगण्यासारखे नाहीत.

असरची वेळ झाली. जानमाज अंथरायला आम्ही सवयीने तिच्यासाठी सपाट जागा शोधू लागलो. तोवर तिने किब्ला विचारून घेतला होता आणि हलक्या उतारावरच नियत बांधली होती. आम्ही मुकाट्याने तिच्या बाजूला उभे राहिलो.

परतताना बाबा रेशींच्या दर्ग्याजवळ थांबून फातिहा पढली. दरबारातलं मानाचं पद सोडून त्यांनी फकिरी पत्करली, असं तिथे सांगतात. लेक गाडीतून उतरून आमच्या आधीच चालू लागली होती. "सांभाळून" हा शब्द आमच्या ओठांवर आला होता, तो आम्ही गिळला.

यंदा शाळेची सहल रायगडावर जाणार आहे. संमतीपत्र टेबलावर आहे. इन्शाअल्लाह, या वेळी सही करणार आहोत.