विनंती विशेष

वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला निघालो तेव्हा सौ.ने एकच अट घातली, "हाताने लिहिल्यासारख्या दिसल्या पाहिजेत हं!"

"मग हातानेच लिहूया की. चाळीस तर आहेत."

"तुमच्या हाताने?" एवढंच ती म्हणाली. बँकेत माझं अक्षर वाचणारे दोघेच, मी आणि ऑडिटर. पैकी मला ते दर वेळी वाचता येतंच असं नाही.

छापखानेवाल्याने संगणकावर कुंचल्याने फटकारल्यासारखा एक फाँट काढला. या घराण्यातले एक वडीलधारे म्हणजे 'ब्रश स्क्रिप्ट'. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ नावाच्या गृहस्थांनी १९४२ साली तो केला. पुढे १९५३ साली रॉजे एक्सकोफाँ या फ्रेंच माणसाने चक्क स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्त्राल' काढला. इंग्रजीत प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला नेमकी चिकटवावी लागते, नाहीतर शब्द तुटतो. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपली अक्षरं दोरीवरच्या धुण्यासारखी शिरोरेघेला लटकलेलीच असतात.

"फार चालतो हा फाँट, साहेब. हॉटेलची पाटी म्हणा, लोणच्याची बाटली म्हणा... फक्त मोठा ठेवायचा आणि थोडक्यात वापरायचा. पत्ता यात घातलात तर पाहुणे शेजारी जेवतील!"

मी पत्ता साध्या टायपात टाकायला सांगितला आणि प्रूफ हातात घेतलं. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.' छान होतं; पण काहीतरी खुपत होतं. अठरा वर्षं सह्या जुळवून नजर बिघडलेली! मग सापडलं. 'विनंती'तला 'वि' आणि 'विशेष'मधला 'वि' तंतोतंत एक. तीच वेलांटी, तोच फराटा. आमच्या धंद्यात दोन सह्या अशा हुबेहूब जुळल्या की आधी शंका येते, कुणीतरी गिरवलंय. खरा हात तेच अक्षर दोनदा तसंच्या तसं काढत नाही. अलीकडचे हुशार फाँट एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आलटून पालटून वापरतात म्हणे. म्हणजे खोटं बोलायचं, पण दर वेळी थोडं वेगळं.

आणि त्याच आठवड्यात मी नानांचा चेक परत केला होता. माझ्या वडिलांचा, मीच. हात थरथरतो, सही जुळत नव्हती. "अरे, मीच आहे ना?" काउंटरपलीकडून नाना म्हणाले. मी त्यांच्यापुढे नवीन नमुना सहीचा फॉर्म सरकवला. त्यांनी तो मुकाट्याने भरला. घरी कुणी विषय काढला नाही.

पत्रिका छापून आल्या. पाकिटांवर नावं कोणी लिहायची? मी गठ्ठा नानांपुढे ठेवला.

"माझं अक्षर आता कुठे राहिलंय?"

"लिहा हो तुम्ही."

चार दिवस लागले. ओळी चढल्या, उतरल्या, मात्रा भलतीकडे गेल्या. पण साताऱ्याच्या आत्याचा फोन आला तो पत्रिकेबद्दल नव्हताच. "दादाचं अक्षर पाहिलं रे, पाकीट उघडायच्या आधीच कळलं!"

नाना शेजारीच बसले होते. मी मनातल्या मनात शिक्का मारला, सही जुळली.