दुसऱ्या भागातील दुसरा अर्थ

पहिल्या भागाला यश आले की दुसऱ्या भागाचा जन्म अटळ होतो, आणि थोरल्या भावाचे कपडे घालून वाढणाऱ्या धाकट्याप्रमाणे तुलनेतून त्याची कधी सुटका होत नाही. ग्रंथांच्या जगात ही तुलना नेहमीच दुसऱ्याच्या मुळावर येते असे नव्हे. सर्व्हान्टिसने 'डॉन क्विक्झोट'चा दुसरा भाग पहिल्यानंतर दहा वर्षांनी, १६१५ साली, प्रसिद्ध केला आणि तोच सरस असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. आपल्याकडे बडोद्यास राहून लिहिणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी 'चिमणरावाचे चऱ्हाट' वळल्यावर 'आणखी चिमणराव' लिहिले, म्हणून काही वाचकांनी पाठ फिरविली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र इतका सोवळा नाही. 'मस्ती' हा हिंदी चित्रपट २००४ च्या एप्रिलात आला आणि त्याचा दुसरा भाग 'ग्रँड मस्ती' २०१३ च्या सप्टेंबरात. दोन्ही चावट विनोदाबद्दल प्रसिद्ध. दोन्हींचे दिग्दर्शक इंद्र कुमार, दोन्हींच्या लेखनात मिलाप झवेरी यांचा हात, आणि दोन्हींत विवेक ओबेरॉय, आफताब शिवदासानी व आपले रितेश देशमुख हे तिघे नायक. तेव्हा दुसरा पहिल्याच्या तोडीचा आहे काय, हा प्रश्न. ज्या पानांवर संतवाङ्मयाची चर्चा व्हावी तेथे असला प्रश्न मांडणे कोणास विपरीत वाटेल. परंतु आमचे वाचक बहुतेक आमच्यासारखेच बदलीच्या नोकरीतले आहेत, आणि परमुलखात रात्रीच्या जेवणानंतर घरोघर काय लावले जाते हे आपण एकमेकांपासून लपविण्यात अर्थ नाही.

आमच्या लखनौच्या विकास नगरातील बिऱ्हाडी हा वाद चांगला चार संध्याकाळ चालला. २०२५ च्या नोव्हेंबरात या मालिकेचा चौथा भाग आला तेव्हा चिरंजीव बेंगळुरूहून रजेवर आले होते. चौथा पाहण्याआधी मागचे सगळे पुन्हा पाहून घ्यावे, असा त्यांचा बेत. शेजारचे निवृत्त तहसीलदार साहेब, जे रोज सायंकाळी टेढी पुलियाकडून फेरफटका मारून परतताना आमच्याकडे चहास थांबतात, तेही या निमित्ताने रेवडीची पुडी घेऊन बसू लागले. सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवले.

चिरंजीवांचा पक्ष असा, की दुसराच भाग बरा. "बाबा, पहिल्यात दोन तास चावटपणा करून शेवटी उपदेश करतात. दुसऱ्यात निदान ढोंग तरी नाही." शिवाय लोकांचा कौलही त्यांच्या बाजूने होता. समीक्षकांनी 'ग्रँड मस्ती'वर सडकून टीका केली असतानाही त्याचे उत्पन्न शंभर कोटींच्या घरात गेले. प्रौढांपुरता मर्यादित असलेल्या हिंदी चित्रपटाने एवढी मजल मारावी, हे त्या वेळी नवलच होते. (तिसऱ्याचे मात्र हसे झाले. २०१६ च्या जुलैत तो चित्रगृहात येण्याआधीच चोरवाटेने लोकांच्या हाती पडला, प्रदर्शन घाईने आधी ओढावे लागले आणि तरीही तो आपटला.)

चिरंजीवांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. 'मस्ती'चा शेवट पंतोजीच्या छडीसारखा आहे, हे खरे. तथापि त्याआधी जे घडते ते नीट पाहावे. तीन मित्रांची लग्ने झालेली आहेत. एकाची बायको संशयी, दुसऱ्याची देवभोळी, तिसऱ्याची वरचढ, आणि तिच्या जोडीला तिची आईही घरात. तिघांच्या गृहस्थाश्रमाला तीन निरनिराळ्या वाती लागलेल्या आहेत. बाहेर मौज करावयास निघालेले हे तिघे एका स्त्रीच्या मृत्यूत अडकतात, अजय देवगणचा पोलीस अधिकारी मागे लागतो, आणि तेथून पुढे विनोद सगळा भयाचा आहे. बायको काय म्हणेल, पोलीस काय करील, चार लोकांत तोंड कसे दाखवावे, या भयाने तिघांची जी गाळण उडते तिला आपण हसतो. २००४ साली आम्ही नागपुरास होतो. तेथील चित्रगृहात सर्वांत मोठा हशा पिकला तो नायक पुढे सरसावला तेव्हा नव्हे, तर त्याची पाचावर धारण बसली तेव्हा, हे आम्हांस पक्के आठवते.

दुसऱ्या भागात हे कुंपणच काढून टाकले आहे. पोलीस अधिकारी नाही. बायका आहेत, पण त्यांची नावे पाहा: ममता, उन्नती आणि तुलसी. पहिली मुलात गुंतलेली, दुसरी नोकरीत, तिसरी सासरच्या रामरगाड्यात. म्हणजे नाव सांगितले की पात्र संपले. पुढे त्यांनी पडद्यावर यावे असे कारणच उरत नाही. तिघे नवरे आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास जातात, आणि त्या महाविद्यालयाच्या नावाची आद्याक्षरे जुळविली की इंग्रजीतील एक शिवी तयार होते. येथे आम्ही चित्रपट थांबवावयास सांगितले. तेथेच सगळे मर्म आहे असे आम्हांस वाटते. ती शिवी कोणत्या नावात दडलेली सापडली नाही. शिवी आधी ठरली आणि नाव मागाहून तिच्या मापाने बेतले. आड लपावयास जागाच नाही, मग सापडण्याची गंमत कोठून येणार?

ममतेच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी आहेत, 'नटरंग'मधल्या. २०१० च्या त्या चित्रपटातील लावणीत नुसत्या भिवईच्या एका हालचालीने जेवढा चावटपणा व्यक्त होतो तेवढा 'ग्रँड मस्ती'च्या सबंध लांबीत नाही, आणि हे ज्यांच्या हाती ते अस्त्र होते त्यांनाच नुसते बाळाभोवती फिरवून मोकळे केले, याची आम्हांस मराठी माणूस म्हणून हळहळ वाटली. रितेश देशमुखांच्या चेहऱ्याची लवचीकता मात्र दोन्ही भागांत सारखीच उत्तम आहे. दुसऱ्यात जे दोन-चार वेळा खरे हसू आले ते त्यांच्यामुळे.

तहसीलदार साहेबांनी या ठिकाणी वादाला निराळे वळण दिले. "भाईसाहब, आप के दादा कोंडके इस से कहीं आगे थे," असे म्हणून त्यांनी 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' या नावाची आठवण काढली आणि ऐंशीला टेकलेला तो गृहस्थ पोरासारखा हसला. १९८६ सालच्या त्या हिंदी चित्रपटाच्या नावात 'दिया' म्हणजे दिवा, आणि 'दिया' म्हणजे दिला. काय दिला, ते नाव सांगत नाही. लखनौचा माणूस अशा गोष्टीला दाद दिल्यावाचून राहत नाही, कारण शब्दाशी खेळणे हा येथला पिढीजात षोक आहे. जुगत आणि फबती यांवाचून जुन्या लखनौची मैफल पुरी होत नसे. आपण ज्याला श्लेष म्हणतो त्याला उर्दू काव्यशास्त्रात 'ईहाम' असे नाव आहे. अदबीसाठी मिरवणाऱ्या याच शहरात बायकी बोलीत लिहिलेली 'रेख्ती' ही चावट काव्यपद्धती रंगीन, इन्शा, जान साहब यांच्या हातून नांदली. तेव्हा अदब आणि वाह्यातपणा यांचे वैर आहे, हा समज लखनौत तरी टिकत नाही.

दादा कोंडके मुंबईच्या गिरणगावातले. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने त्यांचे नाव झाले आणि १९७१ च्या 'सोंगाड्या'ने चित्रपटात बस्तान बसविले. पुढे त्यांच्या नऊ चित्रपटांनी प्रत्येकी पंचवीस आठवड्यांचा टप्पा ओलांडला व त्याची गिनेसच्या विक्रमग्रंथात नोंद झाली. सेन्सॉरशी त्यांचे खटके नेहमीचे. परंतु दादांच्या हाती प्रत्येक वेळी एक सोज्ज्वळ अर्थ शिल्लक असे, आणि वाह्यात अर्थ काढला तो तुम्ही काढला, असे म्हणून ते मोकळे होत. भोळ्या चेहऱ्याने लोंबत्या नाडीची चड्डी घालून उभा असलेला हा माणूस प्रेक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करीत असे. ढोंग म्हणावे तर हे ढोंगच. परंतु आपल्या भाषेने ढोंग आणि सोंग यांत भेद केला आहे, आणि दादांनी स्वतः निर्मिलेल्या पहिल्याच चित्रपटाच्या नावात कोणती बाजू घेतली ते उघड आहे.

हे सगळे चिरंजीवांस पटावे म्हणून तिसऱ्या संध्याकाळी आम्ही दादांचा 'मुका घ्या मुका' लावला. ते हसले नाहीत. प्रथम आम्हांस वाटले, काळ बदलला, विनोद शिळा झाला. पण कारण निराळेच निघाले. 'मुका' म्हणजे पापी, हे त्यांना आजीपासून ठाऊक होते. लहानपणी सुटीत गेल्यावर आजी तोच मागत असे. परंतु 'मुका' म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यासाठी त्यांच्या तोंडी 'गूंगा' होता. म्हणजे नावातला चावट अर्थ त्यांना कळला, पण तोच त्यांना सोज्ज्वळ वाटला, आणि ज्याच्यावर तो कलम व्हावयाचा ते झाडच त्यांच्या अंगणात नव्हते.

आम्ही जरा हट्टास पेटलो. 'आली अंगावर' हे दादांचे १९८२ चे नाव घेतले आणि विचारले, याचे किती अर्थ होतात? एकच, आणि तो सांगण्याजोगा नाही, असे ते म्हणाले. वाचकहो, आपण सारे सरकारी नोकर. प्रकरण अंगाशी येणे, काम अंगावर घेणे, जबाबदारी अंगाबाहेर टाकणे, कोणी अंगचोर असणे, चौकशी अंगावर शेकणे, यांवाचून आपला एक दिवस तरी जातो काय? तान्हे मूल अंगावर पिते, भरलेला बैल अंगावर येतो, खाल्लेले अंगी लागते. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात 'आली अंगावर' हे शब्द निष्पापपणे उभे राहतात, म्हणून तर त्यांच्याकडे पाहून हसू येते. चिरंजीवांना त्यांतले एकही माणूस ओळखीचे नव्हते. जन्म नागपूरचा, शिक्षण रायपूर आणि लखनौ येथे. ते मराठी बोलतात, घरात दुसरे काही बोलत नाहीत, पण ती एकेका शब्दाला एकेकच अर्थ असलेली मराठी आहे. पत्त्यावर पत्र पोहोचण्यास ती पुरते. तिच्यात थट्टा करता येत नाही.

'ग्रँड मस्ती' त्यांना का आवडतो, हे आम्हांस तेव्हा उमगले. तो समजण्यास कोणाचीही मातृभाषा लागत नाही. रायपूर, लखनौ, बेंगळुरू, कोठेही तो तेवढाच कळतो. त्याचे शंभर कोटी त्यातच आहेत, आणि पहिल्याच्या तुलनेत तो उणा पडतो तेही त्यातच. अमेरिकेत 'हँगओव्हर'चा दुसरा भाग २०११ साली आला तेव्हा पहिल्याचीच गोष्ट लास व्हेगासऐवजी बँकॉकला नेली होती. जी गोष्ट कोणत्याही गावी उचलून नेता येते तिचे मूळ गाव कोणते, हा प्रश्नच राहत नाही.

येथे रितेश देशमुखांच्या पदरी एक गोष्ट टाकली पाहिजे. ज्या २०१३ साली 'ग्रँड मस्ती' आला त्याच वर्षाच्या जानेवारीत रवी जाधव यांचा 'बालक-पालक' आला होता, आणि त्याच्या निर्मात्यांत हेच रितेश देशमुख होते. विषय तोच, ज्याविषयी घरात बोलत नाहीत तो. परंतु चाळीतल्या मुलांच्या बाजूने पाहिलेला. वडील माणसे आडपडद्याने काहीतरी बोलतात, मुलांना त्याचा अर्थ लागत नाही, आणि त्या अर्थाच्या मागे ती निघतात. एकाच वर्षात एकाच माणसाने दोन्ही केले. मराठीत केले ते एका रीतीने, हिंदीत केले ते दुसऱ्या. अर्थात मराठीत केले म्हणून सगळे साधते असेही नाही. 'बालक-पालक'मधला विशू, म्हणजे प्रथमेश परब, पुढे २०१९ च्या 'टकाटक'चा नायक झाला. तो चालला, २०२२ साली 'टकाटक २' निघाला, आणि त्यात मराठी असून मराठीचा उपयोग थोडा आहे, असे आमचे मत झाले. चिरंजीव या एका बाबतीत आमच्याशी सहमत झाले, त्याची येथे नोंद करून ठेवतो.

चौथ्या संध्याकाळी, पानावर बसल्यावर, सौ.ने आपले राखून ठेवलेले मत दिले. दुसऱ्या भागात बायकांना काही कळतच नाही, म्हणून तो फसला, "ज्या घरात बाईला कळत नाही तिथं पुरुषानं लपवायचं कुणापासून?" एवढे बोलून तिने आमटी वाढली. तहसीलदार साहेबांना आम्ही याचे हिंदी करून सांगितले. त्यांनी पगडी नसताना पगडी उतरविल्याचा आविर्भाव केला.

रजा संपली, चिरंजीव बेंगळुरूस गेले. पंधरवड्याने त्यांचा निरोप आला, की वरिष्ठांनी एक नवे काम अंगावर टाकले आहे, त्यामुळे होळीस येता येईलसे वाटत नाही. आणि खाली प्रश्न, की आई, यात दुसरा काही अर्थ नाही ना? सौ.ने लगोलग उलट कळविले, की आहे, पण तो तुझे लग्न ठरल्यावर सांगेन.