सोडलेल्या घासाच्या जागीं

वार्षिकाच्या संपादक मंडळानें यंदा माझ्याकडे लेख मागितला, तेव्हां 'आपण शास्त्र शिकवितां, तर विद्यार्थ्यांच्या आहारावर लिहावें' अशी सूचनाहि सोबत जोडली. या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार किती, हें वाचकांनीं पुढील हकीकतीवरून ठरवावें. रक्तांतील तांबड्या पेशींचें चित्र मी गेलीं अठरा वर्षें फळ्यावर काढीत आलों आहें. आणि गेल्या ऑगस्ट महिन्यांत प्रार्थनेच्या वेळीं जी मुलगी रांगेंत उभी असतां एकाएकीं खालीं कोसळली, ती माझीच कन्या होती.

या गोष्टीचें मूळ ईस्टरपर्यंत मागें जातें. आमचें घर मांसाहारी. रविवारीं उपासना आटोपून परततांना वाटेंत मटण अथवा कोंबडी घ्यावयाची, हा माझ्या लग्नापासूनचा शिरस्ता आहे. गेल्या वर्षीं ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत कन्येनें मांस, मासे व अंडीं वर्ज्य केलीं. आमच्या मंडळींत असा नेम पुष्कळ जण करितात, आणि ईस्टरच्या दुपारीं तो सुटतो. तिचा सुटला नाहीं. वाढलेली रश्श्याची वाटी तिनें हलकेच बाजूस सारली व म्हणाली, "बाबा, मला आतां हें नको वाटतें. पुढेंहि नको." कारण विचारतां नाताळांत नेवाशाकडील आमच्या गांवीं आजीजवळ असलेल्या करडाची गोष्ट निघाली. सुटीचे आठ दिवस तिनें त्याला स्वतःच्या हातानें शेवरीचा पाला चारला होता. पुढें नाताळच्या जेवणाचें काय झालें, तें येथें लिहीत नाहीं.

येथें मला माझा दोष सांगितला पाहिजे. मीं तिला विरोध केला नाहीं. पण मदतहि केली नाहीं. "चार दिवसांचें खूळ आहे, कंटाळेल आणि खाऊं लागेल," असें पत्नीस सांगून मी मोकळा झालों. रविवारीं आमच्या ताटांत कोंबडी असे, आणि तिच्या ताटांत भात व बटाट्याची भाजी. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतल्यावरहि शाकाहारच पाळीत राहिल्या, हें मीं विद्यार्थ्यांस कितीदां तरी मोठ्या कौतुकानें सांगितलें आहे. दुसऱ्याच्या घरांतील नेमाचें कौतुक करणें सोपें असतें.

त्यांत तिचें दहावीचें वर्ष. सकाळीं सव्वासहाला गणिताची शिकवणी, साडेदहाला शाळा, पांच वाजतां शाळा सुटतांच परस्पर इंग्रजीची शिकवणी, आणि रात्रीं साडेआठापासून दहापर्यंत शास्त्राची; ही शेवटची मी स्वतःच घेत असें. हें वेळापत्रक मीं चार रंगांच्या शाईंनीं लिहून भिंतीवर लाविलें होतें. त्यांत कोणत्या रंगांत काय आहे हें आज पाहतों, तेव्हां दिसतें कीं जेवणाला रंगच दिलेला नव्हता.

प्रार्थनेंतील त्या प्रसंगानंतर आम्ही तिला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. रक्त तपासलें. हिमोग्लोबिन ९.२ निघालें, त्या वयाच्या मुलीस तें निदान १२ असावें लागतें. मी तत्काळ म्हणालों, "हिनें मांस सोडलें ना, त्याचा हा परिणाम." त्या वाक्यांत जितकी चिंता होती तितकाच विजयहि होता, हें लिहितांना मला लाज वाटते.

बाईंनीं माझ्याकडे लक्ष न देतां कन्येस विचारलें, "काल सकाळपासून काय काय खाल्लेंस, तें सांग बघूं." तिनें सांगितलें तें असें: पहांटे चहा आणि चार बिस्किटें. शिकवणीहून आल्यावर पुन्हां चहा व खारी. शाळेच्या डब्यांत पोळी व बटाट्याची भाजी. त्यांतील अर्धी परत आली. पांच वाजतां वडापाव. रात्रीं दहानंतर झोपेनें डोळे मिटत असतां वरणभाताचे चार घास. बाईंनीं तें एका कागदावर लिहिलें, चष्मा काढला, आणि मला विचारलें, "सर, यांत शाक कोणती आणि आहार कोणता, हें मला दाखवा."

मग त्या जें बोलल्या तें मीं अनेकदां मनाशीं घोळविलें आहे. मांस सोडल्यानें ही मुलगी आजारी पडली नव्हती. सोडलेल्या घासाच्या जागीं दुसरा घास कोणीं ठेविला नव्हता, म्हणून पडली होती. आणि हें तरी केवळ तिचेंच दुखणें कोठें आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ रक्तक्षयी आढळल्या. त्या सर्व शाकाहारी घरांतील थोड्याच असतील! त्याच वयाचे शेंकडा ३१ मुलगेहि त्या यादींत आहेत. तेव्हां मुलग्यांनीं हीं पानें उलटून पुढें जाऊं नये.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं जीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं, त्यांप्रमाणें तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस दिवसास सुमारें ४३ ग्रॅम प्रथिनें व ३० मिलिग्रॅम लोह हवें. त्याच वयाच्या मुलग्यास लोह २२ मिलिग्रॅम पुरतें. मुलीस अधिक कां लागतें, हें दहावीच्या विद्यार्थिनींस सांगावयास नको. वनस्पतींतील लोहाची गोष्ट अशी आहे कीं तें पोटांत जातें, पण त्याचा फार थोडा भाग रक्तांत उतरतो. मांसांतील लोह त्यामानानें सहज उतरतें. म्हणून शाकाहारी माणसानें लोहाला वाट करून द्यावी लागते. ही वाट आंबटानें होते: लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्याच जेवणांत असेल तर लोह अधिक शोषलें जातें. आणि वाट अडविणारा कोण म्हणाल, तर आपला लाडका चहा. जेवणाबरोबर अथवा जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाला पोटांतच धरून बसतो. माझी कन्या दिवसांतून तीनदां चहा घेत होती, आणि पहिले दोन तर तिचें अन्नच होते.

बाईंनीं लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. ब-१२ हें जीवनसत्त्वहि कमी भरलें, त्याचें औषध निराळें दिलें. कारण तें वनस्पतींत मिळत नाहीं, आणि अंडीं न खाणाऱ्यास दूध, दही, ताक यांवरच विसंबावें लागतें. आमच्या घरीं दूध फक्त चहापुरतें येत असे. गोळ्या किती व किती दिवस घ्यावयाच्या तें वैद्यांनींच ठरवावें, तो माझा प्रांत नव्हे. पण ताटांत काय असावें, हा प्रश्न घेऊन आम्ही घरीं आलों, आणि त्याचें उत्तर पुस्तकांत सांपडण्यापूर्वीं घरांतच सांपडलें.

नातीचें वर्तमान कळतांच माझी आई गांवाहून एक गांठोडें घेऊन आली. त्यांत मटकी, हुलगे, बाजरी, नाचणी व शेंगदाणे होते. "तुम्ही मटण खाणारे कधींपासून झालां रे?" असें तिनें मलाच विचारलें. खरोखर, माझ्या लहानपणीं आमच्या घरीं मांस शिजे तें नाताळास, ईस्टरला, अथवा पाळकसाहेब भेटीस आले तर. एरवीं सकाळीं बाजरीची भाकरी व शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळीं मटकीची आमटी, पावसाळ्यांत बांधावरची तांदुळज्याची भाजी, आणि कोणी आजारी पडलें कीं हुलग्याचें माडगें. १९७२ च्या दुष्काळांत आई खडी फोडण्याच्या कामावर जात असे. त्या दिवसांत मूठभर हुलगे मिळाले तर तो सणाचा दिवस, असें ती सांगते. हातीं पगार आला तेव्हां हीं धान्यें आम्हीं गरिबीबरोबर मागें टाकिलीं, मटण घरांत आणिलें, आणि मुलीनें मटण सोडतांच आमच्यापाशीं तिला देण्यासारखें बटाट्यांवांचून कांहींच उरलें नव्हतें.

आईनें दानीएलाची गोष्टहि काढली. राजाच्या मेजवानीचें अन्न नाकारून तो व त्याचे तिघे सोबती दहा दिवस शाकान्न व पाणी घेऊन राहिले आणि इतरांहून सतेज दिसूं लागले, हें शब्बाथशाळेंतल्या लहान मुलांसहि पाठ असतें. कन्या हंसून म्हणाली, "आजी, दानीएलाला तीन शिकवण्या नव्हत्या." यावर मला बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष व्यवस्था सांगतों, कारण पालकांस तिचाच उपयोग. सकाळीं भिजत घातलेली मटकी रात्रीं उपसून ओल्या फडक्यांत बांधली कीं दुसऱ्या दिवशीं सायंकाळपर्यंत मोड येतात; थंडींत अधिक वेळ लागतो. मोड आल्यानें क जीवनसत्त्व वाढतें आणि लोहाला बांधून ठेवणारें द्रव्य कमी होतें. उसळ करावयाची ती लोखंडी कढईंत, टोमॅटो घालून. भाकरी अथवा पोळी आणि कडधान्य यांची जोडी मोडूं नये. धान्याच्या प्रथिनांत जें उणें असतें तें डाळीच्या प्रथिनांत असतें, आणि डाळीचें उणें धान्य भरून काढतें. वरणभात, भाकरी-उसळ, पिठलें-भाकरी या जोड्या आपल्या आजीपणजींनीं प्रयोगशाळेवांचूनच जमविल्या. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनें असतात, आणि ते खावयास तवा, ताट, वेळ यांपैकीं कांहीं लागत नाहीं. नाचणींत तर दुधाच्या दुपटीहून अधिक चुना असतो. तिची आंबील ताक घालून रात्रींच करून ठेवितां येते.

कागदावर हें सर्व सोपें दिसतें. पहिल्याच आठवड्यांत उसळीचा रस डब्यांतून गळून भूमितीची वही पिवळी झाली, आणि कन्येनें उसळ नेण्याचें साफ नाकारलें. बाजरीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, ती मैत्रिणींसमोर मोडीत बसणें तिला संकोचाचें वाटे. पत्नीनें त्यावर भाजणीचीं धपाटीं काढलीं. दुधांत भिजवून केलेल्या दशम्याहि मऊ राहतात. उसळ कोरडी करून, वर लिंबाची फोड ठेवून जाऊं लागली. पांच वाजतां शाळेहून शिकवणीला जातांना वडापावच्या गाडीवरून जावें लागतें, आणि भूक तर तेव्हांच कडकडून लागलेली असते. तिला उपदेशानें आवरतां येत नाहीं. म्हणून दप्तरांत एक छोटी डबी आली: फुटाणे, शेंगदाणे व गुळाचा खडा. शाळेच्या फाटकापाशीं पेरू विकणाऱ्या मावशींकडून एक पेरू. आठवड्यांतून एकदां वडापाव खाण्यास मनाई नाहीं. तसा करार झाला आहे, आणि त्यावर मीं सहीहि केली आहे. पहांटेच्या चहाच्या जागीं दूध आलें. दुपारचा चहा राहिला, मात्र जेवणापासून तासभर दूर.

सर्वांत अवघड गेलें तें भिंतीवरचें वेळापत्रक उतरविणें. रात्रींची शास्त्राची शिकवणी मीं बंद केली. आठ वाजतां सर्वांनीं एकत्र बसून जेवावयाचें असें ठरलें. पहिले कांहीं दिवस मी त्या ताटावरहि आम्ल-आम्लारि विचारूं लागें, तेव्हां आईनें एकदां डाव उचलून दाखविला. परीक्षा तोंडावर आली आहे, इतर मुलांच्या शिकवण्या वाढत आहेत, आणि रात्रीं साडेआठाचा ठोका पडला कीं आजहि माझा जीव खालींवर होतो. गुण किती पडतील तें मला ठाऊक नाहीं. परंतु प्रथम सहामाहींत दुसऱ्या तासाला बाकावर डोकें टेकून बसणारी मुलगी आतां शेवटच्या तासाला प्रश्न विचारते, असें तिच्या वर्गशिक्षिकांनीं मला शिक्षकदालनांत सांगितलें. गेल्या पंधरवड्यांत पुन्हां रक्त तपासलें, तें ११.४ भरलें. बारा अजून झालें नाहीं. गोळ्या चालू आहेत.

रविवारीं कोंबडी अजूनहि येते, कारण माझा स्वतःचा नेम असा कांहीं झालेला नाहीं. पण त्याच चुलीवर शेजारीं मसुराचा अथवा हुलग्यांचा झणझणीत रस्सा शिजतो, तोच मसाला घालून, आणि तो तिच्यासाठीं 'वेगळा' केलेला नसतो. पातेलें सर्वांमध्यें ठेविलेलें असतें. मागील रविवारीं तेंच आधीं संपलें.

काल रात्रीं आई ओसरीवर मटकी बांधीत बसली होती. फडकें हातांत घेऊन तिनें नातीला हांक मारली, "अगं, उद्यां किती जणींची बांधूं?" डब्यांतील उसळ मधल्या सुटींत मैत्रिणीच अर्धी पळवितात, अशी तक्रार झालेली होती. आंतून उत्तर आलें, "पांच जणींची. आणि आजी, लिंबू दोन."