काळोखाला ताल

पोर्टिसहेड हे इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळचं, सेव्हर्न नदीच्या मुखाशी वसलेलं एक छोटं गाव. तिथे एके काळी कोळशावर चालणारी वीजकेंद्रं होती. त्या गावाचं नाव घेऊन जेफ बॅरो, बेथ गिबन्स आणि अ‍ॅड्रियन अटली यांनी ऑगस्ट १९९४ मध्ये ‘डमी’ हा अल्बम काढला. पुढच्याच वर्षी आमच्या डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. त्याची पावणेतीनशे मीटरची चिमणी गावात कुठूनही दिसू लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्या आयुष्यात मात्र त्या शेजारी शेजारी आल्या आणि तशाच राहिल्या.

मी तेव्हा मुंबईत वसतिगृहात राहून शिकत होते. काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मधून एका मैत्रिणीने ‘डमी’ची कॅसेट आणली होती. खोलीतल्या बाकीच्या मुलींना ती सहन होईना. ड्रमचा ठेका जड आणि संथ, त्याखाली पोटात उतरणारा खर्ज, मागे जुन्या तबकडीची खरखर, आणि या सगळ्यावर एका बाईचा आवाज, पुढच्या ओळीला तुटेल की काय असं वाटायला लावणारा. मला त्यात उदास असं काही वाटलं नाही. मला वाटलं, हे मी ऐकलेलं आहे. इंग्रजी गाण्यांशी माझी ओळख जेमतेम होती, त्यामुळे कुठे ऐकलं ते काही केल्या आठवेना. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आठवलं.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. माझ्या लहानपणी तिची नेमणूक तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर होती. वीज होती, पण ती असण्यापेक्षा नसायचीच जास्त. भात तयार व्हायच्या दिवसांत रात्री तारपा सुरू व्हायचा. वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या पोटात हवा भरते, बांबूच्या दोन नळ्यांमधून ती बाहेर पडते, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. दोन नळ्यांचे सूर एकमेकांना घासत निघतात, आणि त्या घासण्यातून एक गुरगुर तयार होते. वाजवणारा गाल फुगवून त्यात वारा साठवतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती साखळी धरतात. तो वळेल तशी साखळी वळते. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी जगभर नेलेल्या वारली चित्रांतलं ते वर्तुळ पुष्कळांनी पाहिलेलं असतं, पण चित्र पांढरं असतं आणि ते गेरूवर काढलेलं असतं. प्रत्यक्षात समोरच्याचा चेहराही दिसत नाही. आईचा डोळा चुकवून मी त्या साखळीत शिरायचे. माझ्या कमरेभोवती कोणाचा हात आहे हे मला ठाऊक नसायचं, आणि मला भीती वाटायची नाही.

‘डमी’तला खर्ज मला ओळखीचा वाटला तो तिथून. मग मी त्या अल्बमविषयी मिळेल ते वाचत गेले. कळत गेलं तसा तो अधिकच आवडत गेला. बॅरो आणि गिबन्स यांची ओळख १९९१ साली बेकारांना स्वतःचा धंदा सुरू करायला मदत करणाऱ्या एका सरकारी योजनेच्या वर्गात झाली. बॅरो त्याआधी स्टुडिओत पडेल ते काम करणारा पोरगा होता. मॅसिव्ह अटॅक या बँडचा ‘ब्लू लाइन्स’ हा अल्बम तिथे तयार होताना त्याने पाहिला होता. ‘डमी’त लालो शिफ्रिन आणि आयझॅक हेज यांच्या जुन्या तबकड्यांमधले तुकडे आहेत. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. या मंडळींनी पुष्कळदा स्वतःच वाद्यं वाजवली, ते वाजवणं तबकडीवर उतरवून घेतलं, त्या तबकड्या मुद्दाम झिजवल्या, आणि मग त्या झिजलेल्या आवाजाचे तुकडे गाण्यात वापरले. कालचा सूर आज जुना करून घ्यायचा! एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या मते, कोरा आवाज ऐकणाऱ्याला बाहेर उभा करतो. वापरून गुळगुळीत झालेल्या आवाजात आपल्याआधी कोणीतरी राहून गेलेलं असतं, म्हणून तिथे आपल्यालाही जागा असते. तारप्याचा भोपळा हाताळून हाताळून काळपट होतो, तेव्हा तो नव्यापेक्षा चांगला वाजतो असं पाड्यावर सांगायचे.

ब्रिस्टलच्या आवाजातला काळोखही हवेतून आलेला नाही. ते बंदर गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालं. पुढे वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांनी तिथल्या वस्त्यांमध्ये मोठमोठे स्पीकर रचून रेगे आणि डब वाजवलं. त्या खर्जावर हिपहॉपचा ठेका संथ करून बसवला गेला, त्यातून हे संगीत उभं राहिलं. आमच्याकडेही काळोखाला कारणं होती. सावकाराकडून लग्नासाठी पैसे घेतलेला वारली बायकोसह त्याच्याकडे राबायचा. वेठबिगार नाकारण्याची हिंमत १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावच्या सभेनंतर आली. त्या लढ्याची गोष्ट गोदूताई परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली आहे. ज्यांच्या आज्यांनी हे भोगलं, त्यांच्या रात्रीच्या नाचात पाय हलके असतात पण सूर जड असतो, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

आई निवृत्त व्हायच्या सुमारास मी कॅसेट प्लेयर घेऊन त्या पाड्यावर गेले होते. तिथल्या तारपा वाजवणाऱ्या आज्याला मी ‘डमी’ ऐकवला. त्याने डोळे मिटून तीनचार गाणी ऐकली. मग म्हणाला, “बाईची पोर, हे मधीच कशाला थांबते? नाचणारे कुठे जातील?”

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तारपा रात्रभर थांबत नाही, आणि अल्बमला गाणं संपवावंच लागतं. तेव्हापासून मी ‘डमी’तलं एकच गाणं सुटं असं कधी ऐकत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता. ‘मिस्टेरॉन्स’पासून ‘ग्लोरी बॉक्स’पर्यंत पाऊण तास जातो. २०१३ मध्ये चर्चगेटहून थेट डहाणूची लोकल सुरू झाली तेव्हा मी नोकरीसाठी त्याच गाडीने जा-ये करू लागले. परतताना विरार सुटलं की कानात ‘डमी’ लावायचे. वैतरणेचा पूल, मग सफाळे, केळवे, पालघर. खिडकीबाहेर दिवे विरळ होत जायचे आणि ‘रोड्स’ सुरू व्हायचं. दिवसभर कचेरीत जे कोणाला सांगता आलं नव्हतं, ते सांगून झाल्यासारखं वाटायचं.

मग नोव्हेंबर २०१८ आला. धुंदलवाडी, हळदपाडा, तलासरीकडची गावं, सगळीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि थांबेनात. आधी जमिनीतून आवाज यायचा, खालून कोणी दगड लोटल्यासारखा, मग भांडी वाजायची. माणसं थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपू लागली. फेब्रुवारी २०१९ मधल्या धक्क्याच्या वेळी घराबाहेर धावताना एक लहान मूल गेलं. आम्हीही अंगणात खाटा टाकल्या होत्या. त्या हिवाळ्यात मला ‘डमी’ लावता आला नाही. हेडफोनमधला खर्ज ऐकला की छाती धडधडायची. अंगाला गाणं आणि धरणी यांतला फरक कळेनासा झाला होता.

पुन्हा लावला तो बऱ्याच महिन्यांनी, रात्री, अंगणातच. पहिला ठोका पडला आणि मी दचकले. मग दुसरा पडला, जिथे पडायला हवा होता तिथेच. तिसराही. तेव्हा मला कळलं की हा अल्बम मला इतकी वर्षं काय देत होता. भूकंप कधी येईल ते सांगता येत नाही. त्याची दहशत त्या न सांगता येण्यात आहे. ‘डमी’तला गडगडाट तेवढाच खोल आहे, पण तो वेळेवर येतो. काळोखाला ताल मिळाला की त्यात पाऊल टाकता येतं. आनंदी गाणी मला अशा वेळी उपयोगी पडत नाहीत, कारण ती काळोख नाहीच असं धरून चालतात. गिबन्स तसं धरत नाही. ती घाबरलेली असते आणि तरीही ठेक्याच्या किंचित मागे राहून, न चुकता गात असते.

तिचा ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’ २०२४ मध्ये आला. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईने म्हातारपण आणि गेलेली माणसं यांच्यावर केलेला अल्बम आहे तो, आणि फार चांगला आहे. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी ‘डमी’च सांगेन. दिवसा नको, काम करता करता नको. रात्री, दिवा घालवून, सलग ऐका. आणि भातकापणीच्या दिवसांत डहाणू-तलासरीकडे याल, तर महोत्सवाच्या मांडवातला तारपा पाहून परत फिरू नका. कोणा ओळखीच्या माणसाला धरून, विचारून, एखाद्या पाड्यावर जा. कोणी साखळीत ओढलं तर नाही म्हणू नका, आणि मोबाइल खिशातच ठेवा.