नगरची सहल : किल्ला, महाल आणि मौलानांची खोली

यंदा शाळेची सहल कुठे न्यायची, अशी चर्चा निघाली तेव्हा मुलींनी महाबळेश्वर आणि वॉटर पार्क अशी नावे पुढे केली. आम्ही शिक्षकांनी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सुचवल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. "नगरला तर आम्ही अम्मीबरोबर दवाखान्याला आणि ईदच्या खरेदीला जातोच, तिथे काय बघायचे?" असा त्यांचा सवाल होता. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांना नगर माहीत आहे ते एवढेच. म्हणून तर जायचे ठरले. आठवी-नववीच्या चाळीस मुली, चार शिक्षिका आणि दोन एसटी गाड्या घेऊन आम्ही फज्रनंतर निघालो.

वाटेत मुलींना शहराची जन्मकथा सांगितली. 1490 साली मे महिन्यात मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात आपल्या नावाचे शहर वसवले. निजामशाहीची ही राजधानी. मलिक अहमदचे वडील मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले, असे इतिहासकार सांगतात. इथल्याच शाह शरीफ यांच्या दर्ग्यात मालोजीराजे भोसल्यांनी मुलांसाठी नवस केला, म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शहाजीराजे म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील. शाळेच्या पुस्तकातला इतिहास आणि आपल्या मोहल्ल्यातला इतिहास असे दोन वेगळे कप्पे नसतात, हे मुलींना इथे आपोआप कळले.

आधी दमडी मशीद पाहिली. सोळाव्या शतकातली ही मशीद लहानशीच आहे, पण एकेक दगड भला मोठा आणि त्यावरचे कोरीवकाम अतिशय नाजूक. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. बादशहांच्या इमारती बऱ्याच आहेत. मजुरांच्या नावाने ओळखली जाणारी मशीद मात्र क्वचितच सापडते.

तिथून फराहबाग. मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल, वर उंच घुमट. 1583 च्या सुमारास तो पुरा झाला. आज तलाव कोरडा आहे, पण त्या काळी कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणले जाई. जमिनीखालून जाणारे मातीचे नळ, पंप नाही की वीज नाही, नुसत्या उताराने वाहणारे पाणी. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. त्यामुळे मुलींनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते या नळांबद्दल.

दुपारी जेवण आणि जुहरची नमाज उरकून किल्ल्यावर गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे ओळखपत्रे दाखवावी लागतात. भोवती खोल खंदक आणि दगडी तटबंदी. हुसेन निजामशहाने 1559 नंतर हा दगडी कोट बांधून घेतला. त्याचीच मुलगी चाँदबीबी. 1595 च्या अखेरीस अकबराच्या फौजेने किल्ल्याला वेढा दिला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती स्वतः तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतले. शेवटी वऱ्हाडचा मुलूख देऊन तह झाला आणि किल्ला वाचला. 1600 मध्ये मात्र गैरसमजातून तिच्याच माणसांनी तिला मारले आणि लगेच किल्ला मोगलांकडे गेला. बाहेरच्या तोफांना जे जमले नाही, ते आतल्या संशयाने केले.

याच किल्ल्यात 1942 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी काँग्रेसचे बारा नेते आणून ठेवले. नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, शंकरराव देव आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिले. मौलानांनी मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. ती पाठवता येत नव्हती, तरी लिहीत राहिले. तीच पुढे 1946 साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापून आली. पहाटे उठून स्वतः चहा करायचा, तोही बिनदुधाचा चिनी चहा, आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी हळूहळू दोस्ती करायची, असे सारे त्या पत्रांत आहे.

आणि एक पत्र वेगळे आहे. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे निधन झाले. त्या आजारी असल्याची खबर आधी आली होती. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर करा, असे अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी विनंती केली नाही. शेवटची भेट झाली नाही. आवारात एक जुनी कबर होती. त्या दिवसांत तिच्याकडे नजर गेली की काय वाटले, तेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

हे सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, "मॅडम, त्यांनी विनंती करायला हवी होती ना? बेगमसाहेबांना किती वाईट वाटले असेल!" दुसरी म्हणाली, "विनंती केली असती तर इंग्रजांनी सगळीकडे सांगितले असते." दोघींचेही बरोबर होते. स्वातंत्र्याची किंमत तुरुंगात गेलेल्यांनी दिली, तशी घरी वाट पाहणाऱ्यांनीही दिली. जुलेखा बेगम यांचे नाव पाठ्यपुस्तकात नाही, पण आमच्या चाळीस मुलींना ते आता माहीत आहे.

संध्याकाळी पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर चढलो. ज्याला सगळे चाँदबीबीचा महाल म्हणतात, ती खरे तर निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. तीन मजली अष्टकोनी इमारत, भिंतीतून जाणारा अरुंद जिना आणि वरून दिसणारे सारे नगर. भिंतींवर नावे खरडलेली पाहून मुलींनाच राग आला.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने आहे. त्यांचा जन्मही याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या मातीत दोन मोठ्या राज्यकर्त्या स्त्रियांची आठवण आहे. पुढच्या वर्षी चौंडीला जाऊ, असे मुलींनीच सुचवले आहे.

पालकांना एवढेच सांगणे, की पुढच्या वेळी खरेदीला नगरला जाल तेव्हा अर्धा दिवस जास्त काढा. ओळखपत्र जवळ ठेवा, किल्ल्यात प्रवेश मिळेल का याची आधी चौकशी करा, डोंगरावर पाणी बरोबर न्या. मुलांना सांगायला थोडे वाचून जा. आणि मुलींना घरी ठेवून फक्त मुलांना नेऊ नका.